आधी पायावरचं वजन काढा, मग व्हॅकचं बघू

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, कराडजवळच्या गावी राहतात, १६ वर्षांपासून शुगर आहे. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम होऊन सात महिने झाले. दुखत नाही, पण भरतही नाही. एका डॉक्टरांनी व्हॅक (जखमेवर बसवायचं ओढणारं यंत्र) लावायला सांगितलं, दुसऱ्यांनी पीआरपीची (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची) चार इंजेक्शनं, पुण्यातल्या एका सेंटरने ऑक्सिजन चेंबरच्या (बंद कक्षात जास्त दाबाने ऑक्सिजन देण्याच्या) ३० बैठकांचं पॅकेज दिलं. घरी मधाची पट्टी चालू आहे, शिवाय चुलत्यांनी आणलेलं एक मलम. मुलीचा प्रश्न: हे सगळं एकत्र केलं तर जखम लवकर भरेल का, की एक उपचार दुसऱ्याला मारक ठरेल?

ताई, तुम्ही सविस्तर लिहिलंय, पण एक गोष्ट त्यात कुठेच नाही: वडील रोज त्या पायावर किती चालतात? सात महिन्यांत इतक्या जणांनी पाय पाहिला, पण हे कुणी विचारलेलं दिसत नाही. आणि ‘दुखत नाही’ हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय. मला मात्र तोच शब्द खटकला. तळव्याला भोक पडलेला माणूस न लंगडता शेतावर जाऊन येतो, म्हणजे पाय बधिर आहे. त्याचा राखणदार झोपलाय. दर पावलाला शरीराचं वजन बरोबर त्या जखमेवर येतं आणि रात्रभरात विणलेलं सकाळी उसवतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: एकत्र उपचार करायचे असतातच, एकाच उपायाने अशी जखम क्वचित भरते. पण ते एकावर एक रचायचे असतात, आणि रचनेतला खालचा दगड हलता असेल तर वर काहीही ठेवा, ते टिकत नाही. तुम्हाला सुचवलेले तिन्ही उपाय वरच्या मजल्यावरचे आहेत. पाया कुणी घातलाय का, ते आधी पाहू.

पहिला दगड रक्तपुरवठा. पायाच्या घोट्याजवळ आणि पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते का, हे कुठलाही डॉक्टर बोटांनी पाहू शकतो. त्यापुढे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं धरायचं. पण इथे एक चकवा आहे. जुन्या मधुमेहात घोट्याच्या रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होतात, त्या दाबल्याच जात नाहीत, आणि गुणोत्तर १.३ किंवा १.४ च्या वर येतं. रिपोर्ट पाहून घरचे म्हणतात, ‘छान आलंय.’ छान नाही. तो आकडा निरुपयोगी आहे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो, कारण बोटांच्या बारीक वाहिन्या सहसा तितक्या कडक होत नाहीत. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर ड्रेसिंगची चर्चा थांबवून आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पोहोचल्याशिवाय तिथे काही उगवणार नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: आत पू साठलेला असेल तर तो त्याच दिवशी बाहेर काढायचा, अँजिओप्लास्टीची तारीख मिळेपर्यंत थांबायचं नाही. मात्र कोरडं काळं पडलेलं बोट असेल तर उलट क्रम. आधी रक्त आणायचं, मग कापायचं, नाहीतर कापलेली जागाही पुन्हा काळी पडते. कात्री तीच, हातही तेच. क्रम चुकला की बोटाचं प्रकरण घोट्यापर्यंत जातं.

दुसरा दगड हाड. सात महिन्यांची तळव्याची जखम आणि साधा एक्स-रेही नाही, हे बरोबर नाही. निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालून पाहतात. टोकाला कडक ‘टक्’ लागलं तर हाडाला जंतुसंसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. एक्स-रेमध्ये बदल दिसायला दोनतीन आठवडे लागतात. तुमच्याकडे ते कधीच उलटून गेलेत, त्यामुळे आता काढलेला एक्स-रे उपयोगाचा. हाड सडलेलं निघालं तर दोन वाटा आहेत: तेवढा तुकडा काढणं आणि सोबत थोड्या दिवसांचं अँटिबायोटिक, किंवा शस्त्रक्रियेशिवाय साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक. दोन्ही मान्य आहेत, निवड जागेवर आणि माणसावर ठरते. पण सडक्या हाडावर पीआरपी टोचणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग काढणं. चार दिवस बरं दिसतं.

तिसरा दगड सडका भाग काढणं, म्हणजे डिब्राइडमेंट. तुमच्या वर्णनात ‘कडेला जाड पांढरी कातडी’ आहे. तो घट्टा. तो बाहेर दिसतो त्याहून आत पसरलेला असतो आणि स्वतःच बुटातल्या खड्यासारखा दाब देतो. तो दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला, ब्लेडने तासून काढला पाहिजे, कडेने थोडं ताजं रक्त येईपर्यंत. (रक्तपुरवठा चांगला असेल तरच. म्हणून तो दगड पहिला.) घरचे रक्त पाहून घाबरतात. मी सांगतो, महिनोन् महिने जुनी जखम शरीराने अंगवळणी पाडून घेतलेली असते. ताजी कड दिसली की ते पुन्हा कामाला लागतं.

आता चौथा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वगळला जाणारा: वजन काढणं. या बाबतीत आपल्याला परदेशाकडे पाहायची गरज नाही. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे पाय पाहत होते. तेव्हा समज असा, की कुष्ठरोगाचा जंतूच मांस खातो. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की मांस जंतू खात नाही. संवेदना गेलेल्या पायावर तोच दाब पुन्हा पुन्हा पडतो आणि जखम होते. अशा पायांना प्लास्टर घालून त्या भरवता येतात, हा अनुभव भारत आणि श्रीलंकेतल्या कुष्ठरोगाच्या कामातून पुढे आला. ब्रँड पुढे अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेच प्लास्टर मधुमेहाच्या पायासाठी जगभर पोहोचलं. आपल्याकडे मिळणारी एमसीआरची चप्पल, ती मऊ काळ्या रबराची, तीही त्याच कामाची देणगी.

तळव्याच्या अशा जखमेसाठी आजही पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या प्लास्टरला किंवा बुटालाच आहे. ‘काढता न येणाऱ्या’ हे मी मुद्दाम म्हणतोय. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, काढता येणारा बूट दिलेल्या रुग्णांच्या बुटात आणि कमरेला पावलं मोजणारी यंत्रं लावली. रोजच्या एकूण हालचालीपैकी बूट पायात होता तो फक्त २८ टक्के वेळ. बाकी वेळ माणूस घरात, न्हाणीघरात, देवघरापुढे बिनबुटाचा. आपल्या घरांत तर उंबऱ्याच्या आत पायात काही घालणंच पाप. माझा एक वारकरी पेशंट माळेवर हात ठेवून सांगायचा, ‘डॉक्टर, बूट सोडला नाही.’ तळवा मात्र टाचेपर्यंत काळा, आणि घरातल्या शेणाच्या सारवणाचा. आता मी विचारत नाही, तळवा पाहतो.

प्लास्टर सगळ्यांना चालत नाही. रक्तपुरवठा कमी आणि जंतुसंसर्गही असेल तर बंद प्लास्टर घालायचं नाही. आत काय शिजतंय ते कळणार नाही. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचं पादत्राण द्यायचं, नाहीतर कंबर धरते आणि म्हातारा माणूस पडतो. पहिलं प्लास्टर दोनतीन दिवसांत उघडून पाहायचं, मग आठवड्याने बदलायचं. हे काम सवयीच्या हाताचं आहे. हाड जोडायला प्लास्टर घालणारा प्रत्येक जण हे घालू शकत नाही, हे नीट ध्यानात ठेवा.

आणि आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ती जोडी. वडिलांची जखम पुढच्या तळव्याला आहे. त्यांना गुडघा सरळ ठेवून पावलाचा पंजा नडगीकडे ओढायला सांगा. पंजा काटकोनापलीकडे येत नसेल तर टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आखडली आहे. मधुमेहात हे बऱ्याचदा होतं. मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार पुढच्या तळव्यावर येतो. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत निम्म्या रुग्णांना फक्त प्लास्टर दिलं, निम्म्यांना प्लास्टर आणि ती शीर लांब करण्याची छोटी शस्त्रक्रिया. जखमा दोन्हीकडे भरल्या: प्लास्टरवाल्यांच्या ८८ टक्के, दोन्ही केलेल्यांच्या सगळ्याच. खरा फरक पुढे दिसला. सात महिन्यांनी नुसत्या प्लास्टरवाल्यांपैकी ५९ टक्क्यांची जखम परत आली, शीर लांब केलेल्यांपैकी १५ टक्क्यांची. तीन बारीक छेद, तेही कातडीवरून. याचा धोका असा, की शीर जास्त लांब झाली तर भार टाचेवर जातो आणि तिथे जखम होते. टाचेची जखम पुढच्या तळव्याच्या जखमेपेक्षा वाईट. म्हणून हे ज्याने केलंय त्याच्याकडूनच करून घ्यायचं. पण ‘एकत्र उपचार’ याचा अर्थ मला असा दिसतो: एक उपाय जखम भरतो, दुसरा ती ज्या कारणाने झाली ते कारण काढतो. तुमच्या यादीतले तिन्ही उपाय पहिल्या जातीचे आहेत.

अशीच जोडी शिरांच्या, म्हणजे इथे टेंडन नव्हे तर पायातल्या अशुद्ध रक्ताच्या वाहिन्यांच्या, जखमांत दिसते. पोटरीच्या खाली, घोट्याच्या आतल्या बाजूला, काळवंडलेल्या कातडीत होणारी ओली जखम. न्हावी, वडेवाले, पोलिस, वर्गात उभे राहणारे शिक्षक यांच्यात मी ती खूप पाहतो. तिचा पाया म्हणजे घट्ट, थरांची पट्टी, घोट्यापाशी साधारण ४० मिलिमीटर दाबाची. पण शीर बिघडलेलीच राहिली तर पट्टी सुटल्यावर जखम परत येते. पूर्वी आम्ही म्हणायचो, जखम भरू दे, मग शिरेचं पाहू. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासाने ते मोडीत काढलं: पट्टीसोबत शिरेवर लगेच लेझरसारखा उपचार केला तर जखम भरायचा मध्यम काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. तुमच्या वडिलांना हे लागू नाही. उलट, रक्तपुरवठा न तपासता शुगरच्या पायावर कुणी घट्ट पट्टी बांधू लागला तर त्याचा हात धरा.

आता तुम्हाला सुचवलेल्या गोष्टी. व्हॅक म्हणजे जखमेत स्पंज, वर हवाबंद फिल्म आणि साधारण १२५ मिलिमीटरचं ओढणारं यंत्र. उत्तम साधन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही कित्येक वर्षं साधा फोम, राइल्स ट्यूब (एरवी नाकातून पोटात घालतात ती नळी) आणि भिंतीवरचं सक्शन वापरून हेच करत आलोय. पण त्याची जागा म्हणजे खोल, मोठी, शस्त्रक्रियेनंतर उघडी ठेवलेली जखम: बोट काढल्यावरचा खड्डा, गळू उघडल्यावरची पोकळी. लाल दाणेदार मांस वर आलं की व्हॅक काढून मांडीची पातळ कातडी लावायची, आणि ती नीट चिकटावी म्हणून तिच्यावर पुन्हा चारपाच दिवस व्हॅक. ही जोडी मला मनापासून आवडते. रुपयाएवढ्या उथळ जखमेवर, पायावर भार तसाच ठेवून, ती लावणं म्हणजे उंदरासाठी तोफ. आणि काळ्या मेलेल्या मांसावर किंवा उपचार न झालेल्या सडक्या हाडावर ती लावायचीच नाही.

पीआरपीबद्दल नीट ऐका, कारण या नावाखाली खूप काही विकलं जातं. रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेल्या चकतीचा एक चांगला अभ्यास आहे: ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. रक्त फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि फायब्रिनची (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची) चकती करायची आणि दर आठवड्याला जखमेवर ठेवायची. २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या, चकतीशिवाय २२ टक्के. फायदा खरा आहे. पण त्या अभ्यासात घेण्याआधी प्रत्येकाला चार आठवडे नुसती उत्तम साधी काळजी दिली होती, आणि तेवढ्याने ज्यांची जखम निम्मी झाली त्यांना वगळलं होतं. म्हणजे चकती कुणासाठी, तर पाया घालूनही अडून बसलेल्यांसाठी. आणि ही चकती जखमेवर ठेवतात. तुम्हाला सांगितलेली चार इंजेक्शनं हा वेगळाच प्रकार आहे. चकतीच्या आकड्यांवर ती इंजेक्शनं विकू देऊ नका.

त्याच वर्षी आलेला दुसरा अभ्यास साध्या दिसणाऱ्या पट्टीचा, सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या. रक्तपुरवठा थोडा कमी असलेल्या, जंतुसंसर्ग नसलेल्या पायांवर २० आठवड्यांत ४८ टक्के विरुद्ध ३० टक्के. वडिलांचा रक्तपुरवठा मध्यम निघाला, अँजिओप्लास्टी लागण्याइतका वाईट नाही असं ठरलं, तर मी इंजेक्शनांआधी हिची चौकशी करीन.

ऑक्सिजन चेंबरचे निकाल एकमेकांशी भांडतात. २०१० मध्ये स्वीडनमधल्या ९४ रुग्णांत वर्षअखेर ५२ टक्के विरुद्ध २९ टक्के जखमा भरल्या. २०१६ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात फरकच आढळला नाही. रक्तवाहिन्यांवर करण्यासारखं सगळं करूनही न भरणाऱ्या जखमेसाठी मी तो विचार करतो. तुमच्याकडे अजून अंगठ्याचा रक्तदाबही मोजलेला नाही. पॅकेजचे पैसे भरू नका. कराडहून पुण्याला ३० फेऱ्या म्हणजे त्या पायाने एसटी स्टँडवर ३० वेळा चढउतार, हा हिशेबही करा.

एकमेकांना मारक काय, हे तुम्ही विचारलंत ते फार चांगलं. हा प्रश्न कुणी विचारत नाही. चुलत्यांचं मलम कोलॅजिनेजचं असेल, म्हणजे मेलेलं मांस विरघळवणारं, तर त्यासोबत चांदीची पट्टी किंवा आयोडीन वापरायचं नाही. दोन्ही त्या एन्झाइमचं काम बंद पाडतात. मला असे लोक भेटलेत जे सकाळी हे महागडं मलम लावून संध्याकाळी बीटाडीनने धुतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम ‘साफ’ झाल्यासारखी वाटते, पण रोज वापरला तर तो नव्या पेशींनाही मारतो. वाढलेलं मांस दिसू लागल्यावर धुवायला सलाइन किंवा उकळून गार केलेलं पाणी पुरतं. मध वाईट नाही, पण तो वैद्यकीय, निर्जंतुक केलेला हवा, पोळ्यावरचा नव्हे. आणि तोही एका वेळी एकच. मधावर हळद, हळदीवर मलम असं केलं की सुधारणा कशाने झाली आणि ॲलर्जी कशाची आली, दोन्ही कळत नाही.

जखम उघडी ठेवून वाळवू नका. ‘हवा लागली की खपली धरते’ हे १९६२ मध्येच खोटं ठरलंय. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं, की ओलसर झाकलेली जखम उघडीपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते. ओलसर झाकणासाठी महागच पट्टी हवी असंही नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी वापरून अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते भाजण्याच्या जखमांचं काम, तळव्यासाठी मी पानं सुचवत नाही. सांगायचं इतकंच, की झाकणं महत्त्वाचं, झाकणाची किंमत नाही.

शुगरबद्दल थोडक्यात: तीन महिन्यांची शुगर ९ आली म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे असतात. मी इन्सुलिन सुरू करतो आणि काम करतो. जेवणात वडील भाकरी-आमटीवर असतील तर प्रथिनं कमी पडत असणार. अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं वाढवा, पण आधी क्रिएटिनिन पाहा, मूत्रपिंडं थकलेली असतील तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. तंबाखू मळत असतील तर ती सुटलीच पाहिजे, त्यात वाटाघाटी नाहीत.

तर या आठवड्यात करायचं ते असं. एक्स-रे, अंगठ्याचा रक्तदाब किंवा डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी तपासणी), सळईची तपासणी, घट्टा तासणं, आणि रक्त-हाड ठीक असेल तर प्लास्टर. मग चार आठवडे घड्याळ लावा. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मं झालं तर काहीही जोडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. निम्मं झालं नाही तर आधी पाया पुन्हा तपासायचा, टाचेची शीर पाहायची, जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवायचा (जुन्या जखमेत क्वचित कर्करोग निघतो, आणि तो वर्षानुवर्षं ड्रेसिंग झालेला मी पाहिलाय), आणि त्यानंतर वरचा एक उपाय निवडायचा. एकच, ज्याला थांबायची तारीख ठरलेली आहे.

पाय अचानक लाल, गरम होऊन सुजला, लाली वर चढू लागली, घाण वास सुटला, थंडी वाजून ताप आला, किंवा काही कारण नसताना शुगर ४०० वर गेली, तर त्या रात्रीच रुग्णालय गाठा. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा फोटो पाठवा, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. फक्त जखमेचा नको. दोन्ही तळवे, आणि वडील घरात घालतात ती चप्पल, उलटी करून.